सिंकजवळचा फुगलेला कोपरा

रविवार, ६ डिसेंबर १९९८

सकाळी भांडी घासता घासता झुंबरबाईंनी हाक मारली, "साहेब, वटा सुजलाय बघा."

पेपर बाजूला ठेवून गेलो. सिंकच्या उजव्या कोपऱ्यात ओट्याची सनमायका वर उचललेली. बोटाने दाबलं तर खालून पाणी आलं. स्टीलची पट्टी लावून पाहिली, मधोमध अकरा मिलिमीटर उंचवटा. पुढची कडेची पट्टी सुटलेली आहेच. गॅसजवळ कुकरचा गोल डाग पडला आहे, तो तीन वर्षांपूर्वीचा. आभाची आई दवाखान्यात होती तेव्हा माझ्याच हातून पडला. ती गेली, डाग राहिला.

हा ओटा माझा. एकोणनव्वद साली सातपूरची ही वसाहत झाली तेव्हा सगळ्यांनी कडप्पा घातला. मी तेव्हा कंपनीत ड्राफ्ट्समन. स्वयंपाकघराचं ड्रॉइंग काढून, भुशाच्या दाबलेल्या फळीवर फिक्या पिवळ्या रंगाची सनमायका लावून घेतली. आभाची आई म्हणाली होती, "दगडाला काय धाड भरली होती?" पण शेजारणी बघायला यायच्या तेव्हा तीच हात फिरवून दाखवायची.

आभाला सातवा महिना लागला. संक्रांतीनंतर बाळंतपणाला येईल. घरात बाईमाणूस नाही. एकटा बाप बाळंतपण कसं करणार, असं विहीणबाई लग्नातल्यासारख्याच हसत म्हणाल्या होत्या. निदान स्वयंपाकघर तरी ठाकठीक हवं. ते काम मला जमण्यासारखं आहे.

मंगळवार, ८ डिसेंबर

धनराज येऊन गेला. त्याचं सातपूरला फर्निचरचं वर्कशॉप आहे. कंपनीची टेबलं तोच करायचा. ओट्यावर टकटक करून म्हणाला, "काका, आतून भुगा झालाय. हे सगळं उपटून टाका. दोन दिवसांत ग्रॅनाइट बसवून देतो."

"दुरुस्त होणार नाही?"

"होईल. पण कोण करत बसणार?"

"मी करीन."

मग त्याने वाद न घालता कसं करायचं ते सांगितलं. फुगलेली फळी पुन्हा कधी बसत नाही. तेवढा तुकडा कापून काढायचा, तिथे प्लाय घालायचा, वर नवी सनमायका. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं.

शनिवार, १२ डिसेंबर

तरीही आधी सोपा उपाय करून पाहिला. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, सनमायका मऊ पडली. खाली सिरिंजने गोंद घातला आणि वर पाटा-वरवंटा ठेवला. चार तासांनी काढलं तर पुन्हा वर. धनराजचं खरं निघालं.

संध्याकाळी आभाचा फोन. निफाडच्या बूथवरून. घरात फोन असताना बूथवरून का, विचारलं. म्हणाली, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चालत इथवर आले."

चांगलं आहे.

"बाबा, मी जरा आधी आले तर?"

"किती आधी?"

"उद्या."

ती हसली. मीही हसलो. मग तिला ओट्याचं सांगितलं. गॅस मागच्या ओसरीत न्यावा लागणार, घरभर भुसा, शिवाय ते सोल्यूशन, म्हणजे सनमायका चिकटवायचा पिवळा रबरी गोंद. त्याचा वास डोक्यात जातो. तिच्या अवस्थेत तो चांगला नाही. संक्रांतीपर्यंत थांब म्हणालो.

"हो, वास," ती म्हणाली. मग कोणीतरी येतंय म्हणून फोन ठेवला.

मंगळवार, १५ डिसेंबर

चारशे बाय साडेपाचशे मिलिमीटरचा तुकडा कापून काढला. करवत हाताची. खांदा भरून आला. आत काळी बुरशी, ओल्या चहापत्तीसारखा भुगा. वरून नऊ वर्षं चकचकीत दिसत होतं. सिंकच्या कडेला भरलेली पुट्टी कधीच सुटली होती आणि रोज थोडं थोडं पाणी जात होतं. एवढी वर्षं मी इथे चहा करतो, मला कळलं नाही.

शनिवार, १९ डिसेंबर

विहीणबाईंचा, म्हणजे अनसूयाबाईंचा फोन. आवाज नेहमीसारखा गोड. "चिंतामणराव, काळजीचं काही नाही हं. आभा परवा पायरीवरून घसरली. हाताला थोडं लागलंय. फार हळवी झालीय. जेवणावर रुसते. आम्ही लक्ष ठेवून आहोत."

आभा लहानपणापासून वेंधळी. चालताना पायाखाली बघायचं नाही. मी तसं म्हणालो, तर अनसूयाबाई हसल्या. "तेच म्हणते मी. आता एकटीला बाहेर सोडत नाही."

मग आभाला फोन दिला. एक मिनिटभर बोलली.

"बाबा, माझ्या कपाटात निळी फाइल आहे. सर्टिफिकेटं. ती मोहिनीला नेऊन द्याल?"

"आत्ता कशाला?"

"द्या ना."

बी.एड.चा फॉर्म भरायचा असेल. मूल झाल्यावर शिकायचं म्हणते आहे, म्हणजे मन रमलेलं दिसतं. फाइल सापडली. तिच्या आईने लावलेली कव्हरं तशीच होती.

सोमवार, २१ डिसेंबर

सिडकोत मोहिनीकडे फाइल देऊन आलो. मोहिनी आभाची कॉलेजपासूनची मैत्रीण. शाळेत शिकवते, दोन खोल्यांत एकटी राहते. चहा दिला. म्हणाली, "काका, निफाडला कधी जाताय?"

"ओटा झाला की."

"तासाचा तर रस्ता आहे, काका."

रस्ता तासाचा आहे हे मला ठाऊक आहे. पण तिथे जाऊन हात हलवत परत यायचं? मुलीला आणायला गेलो म्हणजे आणलीच पाहिजे. आणि आणायची तर घर हवं. हे मी मोहिनीला सांगत बसलो नाही. पोरगी शहाणी आहे, पण लग्न झालेलं नाही. सासर म्हणजे काय, तिला काय कळणार.

गुरुवार, २४ डिसेंबर

आज चूक झाली. लिहायची लाज वाटते.

प्लायचा तुकडा छान बसला होता. फटीत पुट्टी, वर पॉलिश पेपर, हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. जुनी सनमायका पूर्ण सोलून काढली होती, म्हणजे सगळ्या ओट्यावर एकच नवीन तुकडा येईल आणि कुकरचा डागही जाईल. दोन्हीकडे सोल्यूशन लावलं. ते बोटाला चिकटेनासं झालं की मगच सनमायकाचा नवा पत्रा ठेवायचा. थंडी इतकी की अर्धा तास झाला तरी ओलंच. शेवटी धीर सुटला. पत्रा उचलला, भिंतीकडची कड टेकवली, आणि ती सहा मिलिमीटर वाकडी टेकली. हे सोल्यूशन एकदा धरलं की सोडत नाही. ओढायला गेलो तर पत्रा कोपऱ्यापासून तडकला.

अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग काढलं. सहा मिलिमीटर!

धनराजने फोनवर ऐकून घेतलं. त्या रंगाचा पत्रा आता नाशकात नाही म्हणाला. मुंबईहून मागवावा लागेल, बारा-पंधरा दिवस. "दुसरा रंग चालेल का, काका?"

नाही म्हणालो.

रविवार, २७ डिसेंबर

झुंबरबाईंनी आज मला सुनावलं. पेठकडच्या बाई, नऊ वर्षं भांडी घासतात, पण कधी आवाज चढवलेला नाही. ओसरीत मी भात शिजवत होतो. त्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, पोरीला घेऊन या."

"आणायची आहेच."

"आज आना. तुमी सातपूर मार्केटला गेले व्हते तवा फोन आलता. म्या उचलला. लय रडत व्हती."

"काय म्हणाली?"

"काय नाय म्हनली. रडत व्हती."

या दिवसांत सगळ्याच मुली रडतात, असं मी समजावलं. घरात सोल्यूशनचा वास आहे, गर्भाला बाधेल, हेही सांगितलं.

"वास आमालाबी येतो," त्या म्हणाल्या. "त्यानं मरत नाय कोनी."

मला राग आला. तो भातावर निघाला, भात खाली लागला. त्या गेल्यावर निफाडला फोन लावावा असं वाटलं. डायल केलंही. आल्हादरावांनी उचलला. जावई सभ्य आहे, स्वतःचं औषधाचं दुकान आहे, सुपारीचंही व्यसन नाही, म्हणून तर मी हे स्थळ पाहिलं. "आभा झोपलीय, बाबा," म्हणाले. दुपारची झोप चांगलीच.

अशा वेळी मुलगी ठरल्याआधी आणली की सासरी अढी बसते. ती आयुष्यभर जात नाही. हे झुंबरबाईंना कोण सांगणार.

शनिवार, २ जानेवारी १९९९

आभाचा फोन, पुन्हा बूथवरून. मागून एसटीचे आवाज येत होते.

"बाबा, ओटा झाला?"

"पत्र्याची वाट बघतोय. या आठवड्यात येईल."

"मग नाही येऊ?"

"दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः घ्यायला येतो. असं चोरासारखं कशाला यायचं? मानाने ये."

तिने एक एसटी जाऊ दिली. मग म्हणाली, "बरं."

"औषधं घेतेस ना?"

"हो. ठेवते, बाबा."

आवाज अगदी शांत होता. रडणं नाही, हट्ट नाही. झुंबरबाईंना मुद्दाम सांगितलं, बघा, समजूत पटली. त्यांनी परात आपटली.

शुक्रवार, ८ जानेवारी

पत्रा आला. तोच फिका पिवळा. एका बाजूने किंचित गडद वाटतो, पण सगळ्या ओट्यावर एकच असल्याने कळणार नाही.

शनिवार, ९ जानेवारी

जमलं.

दुपारचं ऊन स्वयंपाकघरात येईपर्यंत थांबलो. सोल्यूशन लावून चाळीस मिनिटं घड्याळ लावून बसलो. या वेळी ओट्यावर आधी लाकडी पट्ट्या आडव्या ठेवल्या, त्यांच्यावर पत्रा. खाली चिकटत नाही तोवर हवा तसा सरकवता येतो. भिंतीला काटकोन लावून पाहिला. मग मधली पट्टी काढली, दाबलं, पुढची काढली, दाबलं. मधूनच सुरुवात करायची, नाहीतर हवा अडकून फुगा राहतो. शेवटी लाटण्याने सगळीकडून घासलं. एकही फुगा नाही. कडा कानशीने वरून खाली घासल्या, उलट घासलं तर टवके उडतात.

धनराजला दाखवायला बोलावलं. त्याने डोळा ओट्याच्या पातळीला आणून पाहिलं. "काका, माझ्याकडे कामाला या," म्हणाला. फार दिवसांनी बरं वाटलं.

मंगळवार, १२ जानेवारी

पुढची पट्टी बसवली. सिंकची कड भरली. गॅस आत घेतला. वास बराच कमी झाला आहे, खिडक्या उघड्या ठेवतो. आभाची गादी उन्हात टाकली. डिंक, खारीक, अळीव आणले, लाडू झुंबरबाई वळतील. त्यांना तसं म्हणालो तर "बघू" म्हणाल्या. दोन दिवसांपासून उशिरा येतात, लवकर जातात. विचारलं तर सिडकोत काम धरलंय म्हणतात.

शुक्रवार, १५ जानेवारी

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळच्या गाडीने निफाडला गेलो. तिळगूळ होता, जावयासाठी शर्टाचं कापड होतं. अनसूयाबाईंनी दार उघडलं. माझ्या मागे पाहिलं.

"आभा कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं थट्टा करतात.

"ती तुमच्याकडेच आली ना? चार तारखेला गेली. न सांगता गेली. आम्ही म्हटलं, बापाने बोलावलं असेल."

"अकरा दिवस झाले. तुम्ही फोन नाही केलात?"

"तुम्ही तरी कुठे केलात?"

मी आल्हादरावांना गाठायला निघालो. ते दुकानात होते. गिऱ्हाईकाला गोळ्या देत देतच बोलले. "रागाने गेलीय. मी मागे धावत जाऊ? तिला म्हणावं, आली तर नीट वागायचं." आवाज मागच्या वेळी फोनवर होता तसाच गोड, शब्द तेवढे दुसरे.

तिच्या काही वस्तू घेऊ का म्हणून परत घरी येऊन वर गेलो. तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. नवी. घराच्या बाकी सगळ्या कड्या जुन्या पितळेच्या, ही पत्र्याची. स्क्रू चकचकीत होते आणि खाली लाकडाचा भुसा तसाच पडला होता. बाहेरून कडी कोण लावतं? मी जिना उतरलो. तिळगूळ माझ्या पिशवीतच राहिला.

परतीच्या गाडीतून विहिरी दिसत होत्या. प्रत्येक विहिरीपाशी मला नको ते वाटत होतं.

नाशकात उतरून सरळ सिडकोत गेलो. मोहिनीने दार उघडलं. आत दोरीवर आभाचा जांभळा गाऊन वाळत होता. तो पाहून मी उंबऱ्यावरच बसलो.

"चार तारखेपासून माझ्याकडे होती," मोहिनी म्हणाली. "मंगळवारी पोटात दुखायला लागलं. सरकारी दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, काका. साडेसात महिन्यांची आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय."

"मला का नाही कळवलंस?"

"रोज म्हणायचे मी. ती म्हणायची, घर तयार झालं की बाबा सांगतील."

मंगळवारी मी सिंकची कड भरत होतो. सिडको माझ्या घरापासून सायकलने पंचवीस मिनिटांवर आहे.

शनिवार, १६ जानेवारी

काल तिथून दवाखान्यात गेलो, ते आज लिहितो.

आभा भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारच्या स्टुलावर झुंबरबाई, मांडीवर डबा. मला पाहून उठल्या. "म्या सांगनार व्हते," म्हणाल्या. "पोरीनं फोनवरच शपथ घातली." पदर सारखा करून बाहेर गेल्या.

आभा वळली. डाव्या दंडावर पिवळी पडत चाललेली खूण. एक नव्हे, शेजारी शेजारी चार. पायरीवरून पडून अशी खूण होत नाही. मी मोजमापाचा माणूस आहे, बोटांमधलं अंतर मला कळतं.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"सांगितलं होतं, बाबा."

मी स्टुलावर बसलो. ती म्हणाली, "जा, बाळाला बघून या. दोनपर्यंतच सोडतात."

काचेपलीकडे एवढीशी. सोळाशे ग्रॅम. नाकाला नळी. बरगड्या वरखाली होताना दिसत होत्या. नर्सने विचारलं, "तुम्ही कोण?" मी आजोबा आहे हे सांगायला वेळ लागला.

सोमवार, १८ जानेवारी

डॉक्टर म्हणतात, अजून आठ दिवस काही सांगता येत नाही. वजन पन्नास ग्रॅमने कमी झालं. आभा दिवसातून सहा वेळा जाऊन काचेशी उभी राहते. मी नेलेला डबा ती खाते, आभार मानते. परक्या माणसाचे मानावेत तसे.

शनिवार, २३ जानेवारी

वजन वाढू लागलं आहे.

आज खरं लिहायचं ठरवून बसलो आहे. वासाचं कारण खोटं नव्हतं. पण वास आठ दिवसांत जातो, आणि माझ्या घरातली वरची खोली स्वयंपाकघरापासून लांब आहे. तिथे ती पहिल्या दिवशीच राहू शकली असती. मला हे बारा डिसेंबरलाही माहीत होतं. आली असती तर मला तिला विचारावं लागलं असतं, आणि तिने सांगितलं असतं. ऐकल्यावर परत पाठवता आली नसती. स्थळ मी पाहिलं होतं. ती "थोडं थांबू या" म्हणाली होती, मीच घाई केली. वसाहतीत लोक काय म्हणतील हेही मनात होतं. म्हणून मी करवत घेतली. करवत चालू असली की दुसरं काही ऐकू येत नाही.

निफाडला कुणाकडून तरी कळलं असावं, तिथून फोन आला होता. आल्हादराव म्हणाले, "मुलगीच झाली ना? मग बरी झाली की पाठवा." मी म्हणालो, "पाठवणार नाही." त्यांनी काही तरी विचारलं, मी फोन ठेवला. हे एवढंच मला जमलं, आणि तेही ती निघून आल्यावर.

मंगळवार, २ फेब्रुवारी

आज सोडलं. बाळ एकोणीसशे पन्नास ग्रॅम. आभाने मला पहिल्यांदा हातात घेऊ दिलं. वजन लागतच नाही, नुसती ऊब लागते.

दवाखान्याच्या फाटकाशी मोहिनीने रिक्षा थांबवली. मी म्हणालो, "आभा, घर तयार आहे. वास नाही आता. वरची खोलीही साफ केलीय."

"माहीत आहे. झुंबरबाईंनी सांगितलं."

"मग?"

"मोहिनीच्या शाळेत जागा निघतेय. मार्चपासून. तिच्याकडेच राहीन तोवर."

"पण बाळ एवढं लहान. तुझं स्वतःचं घर असताना..."

ती रिक्षात बसली, शाल नीट केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी दोनदा विचारलं, बाबा. आता विचारणार नाही. यायचं झालं तर येईन."

मी "बरं" म्हणालो. तिने हात पुढे केले. मी बाळ तिच्या हातात दिलं. मोहिनी पलीकडून चढली. मधे तिसऱ्याला जागा होती. मला कोणी बसा म्हणालं नाही, आणि मी विचारलं नाही.